धरलेली जागा

सिंगापुरात येऊन मीनाक्षीबाईंना चारच दिवस झाले होते, पण त्या चार दिवसांत त्या इतक्या चालल्या होत्या, की नाकासमोर चालत सुटल्या असत्या तर एव्हाना समुद्र ओलांडून चिपळूणला घरी पोचून कुकरसुद्धा लावला असता.

ही सगळी कृपा संग्रामची. त्यांचा एकुलता एक मुलगा, जहाजावर इंजिनियर. सुट्टीचे पाच दिवस उरलेले, सहाव्या दिवशी बोटीवर हजर व्हायचं आणि मग सहा महिने पाणीच पाणी. त्याने फोनमध्ये यादी केली होती. सकाळी आठला वुडलँड्सच्या फ्लॅटमधून निघायचं, एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडायची आणि एकेक ठिकाण उरकायचं. तोंडातून पाणी काढणारा सिंह झाला, लोखंडाची झाडं झाली, प्राणिसंग्रहालय झालं, दोरीवरचे डबे झाले. प्रत्येक ठिकाणी फोटो, की लगेच, "चल आई, पुढे."

"अरे, तो दगडी सिंहसुद्धा रात्री पाणी बंद करून जरा टेकत असेल," मीनाक्षीबाई म्हणायच्या. पण संग्राम दहा पावलं पुढे गेलेला असायचा.

मागे राहायची नात, दहा वर्षांची तन्वी. आजीचा हात धरून चालायची आणि गोष्ट मागायची.

"आमच्या शेजारणीच्या फणसाला एकदा इतके फणस लागले," आजी धापा टाकत सांगायच्या, "की झाड बसलं."

"बसलं म्हणजे?"

"बसलं म्हणजे बसलं. मांडी घालून."

"ट्रू की नॉट ट्रू?"

"शेजारणीला विचार."

"नॉट ट्रू लाह, आजी!"

आजींना मात्र त्या झाडाचा हेवा वाटत होता.

आणि सिंगापूर बघायला आलंच होतं कोण? दीड वर्षापूर्वी मीनाक्षीबाईंचे यजमान रवींद्रराव गेले, तेव्हा संग्रामची बोट भर समुद्रात होती. तो घरी पोचला नवव्या दिवशी. दारातच त्याला मीनाक्षीबाई म्हणाल्या होत्या, "शेवटी तुझं नाव घेतलं रे त्यांनी." त्याने मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. जन्मभर आईच्या गोष्टी ऐकलेलं पोर ते. झाडं मांडी घालून बसतात हे लहानपणी त्यालाही सांगून झालं होतं. त्याचा विश्वास बसला नाही, हे मीनाक्षीबाईंना कळलं होतं. तेव्हापासून फोनवर नुसती हवा, पाऊस आणि बीपीच्या गोळ्या. एकदा समोर बसवून खरं सांगायचं, एवढ्यासाठी म्हातारी विमानात चढली होती. पण बसतो कोण?

पाचव्या दिवशी दुपारी ते लिटिल इंडियातल्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवायला शिरले. ही गर्दी, हा उकाडा. मीनाक्षीबाईंचे पाय सुजून चपलेचे पट्टे आत रुतले होते.

"मी डोशाच्या रांगेत जातो. तन्वी, तू उसाच्या रसाच्या. आई, तू टेबल धर," संग्राम म्हणाला.

टेबल धर! चिपळूणच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं जागा धरलेल्या बाईला हे सांगायला लागतं होय? मीनाक्षीबाईंनी नजर फिरवली. चांगली पाच-सहा टेबलं रिकामी, आणि प्रत्येकावर टिश्यूची एकेक पुडी. काय तरी सोय! आल्यागेल्याला घाम पुसायला टेबलागणिक पुडी! एका टेबलाशी बसून त्यांनी पुडी फोडली, तोंड पुसलं, मान पुसली. मग वाटलं, गल्लीतल्या बायकांना न्यायला काहीच घेतलं नाही आपण. उठल्या आणि आजूबाजूच्या टेबलांवरच्या पाच पुड्या गोळा करून पिशवीत टाकल्या.

दोन मिनिटांत ती टेबलं दुसऱ्याच माणसांनी भरून गेली. आणि मग हातात वाफाळते ट्रे घेऊन मूळ मालक आले. हा त्याच्याकडे बघतोय, तो टेबलाखाली वाकून शोधतोय. मीनाक्षीबाईंच्या पुढ्यात सुपाचा वाडगा घेतलेले एक चिनी आजोबा येऊन उभे राहिले.

"आंटी, माय टिश्यू?"

"घ्या ना," म्हणत मीनाक्षीबाईंनी फोडलेल्या पुडीतला एक कागद काढून त्यांच्यापुढे धरला.

तेवढ्यात तन्वी रस घेऊन आली. पिशवीतून डोकावणाऱ्या पुड्या बघून ती किंचाळलीच, "आजी! दॅट्स चोप! पुडी ठेवली की ती सीट त्याची. कोणी टच पण करत नाही!"

मीनाक्षीबाईंच्या आत्ता लक्षात आलं. म्हणजे रुमाल! जन्मभर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला, त्यावर दुसरं कोणी बसलं तर संगमेश्वर येईपर्यंत भांडलो, आणि इथे पाच जणांचे रुमाल उचलून पिशवीत घातले! तशा सुजलेल्या पायांवर उठून त्यांनी सगळ्यांच्या पुड्या परत वाटल्या. कुणाची कुणाला गेली देव जाणे. आजोबांना टेबल दिलं. संग्रामने डोसे बांधून घेतले आणि तिघं बाहेर एका इमारतीखालच्या कट्ट्यावर येऊन बसली.

"दोन ठिकाणं राहिलीत," फोन काढत संग्राम म्हणाला.

"तुझ्या बाबांचं सांगायचंय."

"आई, आता गोष्ट नको."

"गोष्ट दीड वर्षापूर्वी सांगितली. त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं."

संग्रामचा अंगठा फोनवर थांबला.

"शेवटचं बोलले ते 'खिडकी लाव, डास येतायत.' बस्. मी ते लोकांना काय सांगणार? पण एक होतं. दवाखान्यात खाटेशेजारी खुर्ची होती. पहिल्या दिवशीच त्यांनी उशाखालचा रुमाल काढून तिच्यावर टाकला. तुझा मामा बसायला गेला तर म्हणाले, 'तिथं नको, धरलीय.' नर्सबाईंनी दोनदा उचलला. दोन्ही वेळा मागून घेऊन परत टाकला."

"कुणासाठी, ते बोलले?"

"नाही. मीही विचारलं नाही. यायचं दुसरं कोण राहिलं होतं?"

संग्रामने फोन खिशात टाकला.

"मग तू कुठे बसायचीस?"

"उभी असायचे. फारच झालं की फरशीवर. तीन दिवस. हे पाय तेव्हाचेच आहेत."

"खुर्ची होती ना आई! तू तरी बसायचंस!"

"धरलेल्या जागेवर बसतात होय रे?"

ट्रू की नॉट ट्रू, हे विचारायला तन्वीने तोंड उघडलं. बाबाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्ट्रॉ तोंडात घालून घेतली.

संग्राम खाली वाकला. आईच्या चपलेचे पट्टे सोडवून त्याने घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो काही लवकर भरेना. तो वाकलेलाच राहिला. मीनाक्षीबाईंनी पिशवीत हात घातला. फोडलेली पुडी तेवढी कुणी परत नेली नव्हती. ती त्यांनी त्याच्या हातात दिली.

"घाम फार आहे तुमच्या गावाला," त्या म्हणाल्या. आणि मग थोड्या वेळाने, "उठायचं का? दोन ठिकाणं राहिलीत ना तुझी?"

"बस गं," संग्राम म्हणाला.