व्हरांड्यातली संख्यारेषा

फोन करायलाच नको होता मी. न सांगता जाऊन दारात उभी राहिले असते, तर काय बिघडणार होतं?

प्राथमिक शाळांत गणित-विज्ञान कोणकोणतं साहित्य वापरून शिकवतात, याचा सर्व्हे आमची संस्था करते. साहेब लोक शहरात, क्रांती चौकातल्या ऑफिसात पंख्याखाली, अन् गावोगाव धूळ खायला मी, प्रेरणा.

शहजादी मॅडम मला शिक्षकांच्या बैठकीत भेटल्या. पिशोरच्या पलीकडं एका वस्तीवर त्यांची शाळा. व्हरांड्याच्या फरशीवर त्यांनी स्वतः रंगानं संख्यारेषा काढलेली, पोरं तिच्यावर उड्या मारत बेरजा करायची. करवंट्यांचा तराजू, वजनाला चिंचोके.

"असलं घरगुती चालतं का, ताई?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"अहो, तेच तर पाहिजे! वापरात दिसलं की फोटोसकट नोंद. त्यातलं चांगलं तालुक्यातल्या सगळ्या शाळांत जाणार."

बाई इतक्या खुशीत हसल्या, की मलाच भरून आलं.

सर्व्हेच्या शेवटच्या दिवशी मी तिथं पोचले. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना फोनवर कळवलं होतं, "साहित्य बघायला येतेय." फाटकात रांगोळी. मुख्याध्यापक आप्पासाहेब शाल-नारळ घेऊन उभे. टेबलावर सरकारी विज्ञानपेटी, झाकणावर दसऱ्याचं हळदीकुंकू तसंच.

"एक वस्तू फुटू दिली नाय, मॅडम. आजवर उघडलीच नाय!"

वा रे वा! माझं डोकंच सणकलं. "अन् व्हरांड्यातले आकडे?"

"लाल रंग मारून घेतला कालच. बाईंनी लई पसारा मांडला होता. करवंट्या, चिंचोके खिचडीच्या चुलीत घातले. आता कसं लख्ख दिसतंय!"

"अहो सर, तेच बघायला आले होते हो मी!"

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "मला वाटलं तपासणी हाय. तपासणीला पसारा कोण दाखवतं, मॅडम?" माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्तच जीव जळला.

शहजादी मॅडम दाराशी उभ्या होत्या. काल अम्मीला दवाखान्यात न्यायचं म्हणून त्या रजेवर होत्या. "पुन्हा करते ना मी, ताई. पोरं गोळा करतील सगळं."

"आज सर्व्हेचा शेवटचा दिवस आहे, मॅडम," मी म्हणाले. माझाच आवाज मला नकोसा झाला.

काहीतरी सावरावं म्हणून आप्पासाहेबांनी दुसरीतल्या सोनियाला हाक मारली. "ये बाळा, आठ अन् पाच किती, मॅडमना करून दाखव."

पोरगी हरखली. चपला काढून व्हरांड्यात पळाली, उडी मारायला पाय उचलला, अन् तशीच थांबली. खाली नुसता लाल रंग.

"मॅडम, आठ कुठं गेला?"

शहजादी मॅडमनी तिला जवळ ओढलं. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "पेटीचंच लिहा, ताई."