नरसाळ्यातले पाणी

नरसाळ्यावरची जाळी एका बाजूने उचकटली होती आणि तिथून आत पडलेले कडुनिंबाचे पान वाळून वेटोळे झाले होते. त्या वेटोळ्यातून एक मुंगळा निवांत बाहेर येत होता. म्हणजे या पाइपात पाणी गेल्याला बराच काळ लोटला असणार, असे विनोदच्या मनात आले. आणि मग, कोण घालणार होते पाणी, असेही आले. मागच्या अंगणात, भांडी घासायच्या फरशीशेजारी, जमिनीतून वीतभर वर आलेला हा पाइप म्हणजे जुन्या घराची अर्थिंग. त्याला लागूनच नव्या खोलीची भिंत उभी होती, अजून पुट्टीच्या वासाची.

"काका, बावीस ओहम दाखवून राहिला," निकेश म्हणाला. पवनीत वायरिंगची कामे घेणारा, लायसनवाला, तिशीतला माणूस. अंगणात दोन लोखंडी खुंट्या ठोकून, वायरी ओढून त्याने मीटर फरशीवर ठेवला होता. "पाचच्या आत पाहिजे. नवीन खोली जोडाची तर जुनं घरही तपासणीत धरतेत आता. अर्थिंग पास नाही तर मी रिपोर्टवर सही कशी करू? अन् रिपोर्ट नाही तर खोलीत लाइट नाही."

"मंग?"

"मंग नवा खड्डा. पण माही पोरं लग्नाच्या लायटिंगमंदी अडकली. आठ-दहा दिवस धरा."

टीना परवा येणार होती. मुलीचे पहिले बाळंतपण, तेही मे महिन्यात. खोली तिच्यासाठीच बांधली होती, भिंतीत कूलरची चौकट आधी आणि दार नंतर. तुमसरच्या विहीणबाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या होत्या, 'खोली नाही झाली तर राहू द्या जी, आमच्याइथं दोन कूलर हायेत.' त्या दोन कूलरनंतर विनोदची बायको रुचिका संध्याकाळभर भांडी आपटत होती.

निकेशने खिशातून रुमाल काढून मान पुसली. "एक इलाज हाये. मी टपरीवर चहा पिऊन येतो. तुम्ही चार बाल्ट्या सोडा याच्यात, मंग पुन्हा मोजू. सगळेच करतेत. मीटरले काय समजते, पाणी आज टाकलं का रोज टाकते."

तो गेला. विनोदने बादली नळाखाली लावली. पाणी गरम येत होते — टाकीत उन्हाने तापलेले... आईचे पाणी गरम नसायचे. ती तांदूळ धुतलेले पाणी पहाटेच गडव्यात काढून ठेवायची, पांढुरके, गार. भांडी आटोपली की पदर खोचून नरसाळ्यापाशी उकिडवी बसायची आणि धार धरायची, बारीक, न सांडणारी, पाइपाच्या पोटातून गुळगुळ आवाज येईपर्यंत. पलीकडच्या भिंतीवरून केशरबाई ओरडायची, "काय वं मालन, बुद्धाची होऊन पिंडीवर पाणी टाकून राहिली काय?" आणि आई मान वर न करता म्हणायची, "पिंड नाही वं बाई. तुह्या देवाले नाही समजत, इथं माह्या पोराचा जीव हाये."

पोर म्हणजे तोच. हाफपँटमधला, ओल्या पायांचा, कूलरच्या टाकीत पाणी ओतताना पत्र्याला चिकटलेला. चिकटला, हे त्याला नंतर सांगून सांगून आठवणीत बसले होते. स्वतःचे म्हणून आठवत होते ते एवढेच की आवाज निघत नव्हता, आणि दारात आई मुसळ घेऊन उभी होती आणि क्षणभर त्याला वाटले की ती आपल्याला मारणार आहे... मुसळाने तिने त्याला ढकलले. संध्याकाळी बाबुलाल लाइनमन येऊन पाहून गेला. "बाई, जमीन सुकली का अर्थिंग झोपते. तिले पाणी पाजत जा." बाबुलाल सहज बोलला असेल. त्याला काय माहीत, कुणाला सांगतो आहे. शाळेच्या नोकरीपायी मी लाखांदूरला खोली करून राहिलो, लग्न झाले, टीना झाली, बाप गेले, कूलर तीनदा बदलला. आई मात्र उन्हाळाभर त्या लोखंडाला जागे ठेवत होती. तिच्या गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा ती पाटावर बसून, सरकत सरकत जायची.

तोच पाट.

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात कूलरला हात लागला की बोटांत झिणझिण यायची. आम्ही कूलरसमोर आईचा पाट ठेवला. बटण दाबायचे तर पाटावर उभे राहून दाबायचे. पाहुण्यांनाही हसत सांगायचो, वर चढा जी, इथं मान मिळतो. झिणझिण काय म्हणत होती हे मला कळत नव्हते असे नाही. ती ओळखीची होती, आणि ओळखीचे माणूस दारात आल्यासारखी कधीकधी बरीही वाटली होती — हे मात्र मी रुचिकाला सांगितले नाही.

बादली भरून वाहू लागली. त्याने ती उचलून नरसाळ्यात सोडली. अर्धे पाणी फरशीवर सांडले, वेटोळे झालेले पान तरंगून बाहेर पडले, पाइपाने मोठा, ओबडधोबड घोट घेतला. हा तो आवाज नव्हता. दुसरी बादली, तिसरी. परवा टीना येईल, अंगणभर ओल्या वाळ्याचा सुगंध असेल, विहीणबाईंना फोन करता येईल. आणि पुढच्या महिन्यात? शाळा उघडली की मी सोमवारच्या एसटीने लाखांदूरला. रुचिकाला वाकवत नाही. टीना बाळाला घेऊन निजलेली... आणि बाळ कधीतरी रांगू लागेल, फरशीवरून, ओल्या हातांनी, कूलरच्या खालच्या पत्र्याकडे, आणि पाट त्याच्या मापाचा नसेल.

चौथी बादली त्याने नळाखालीच ठेवली.

निकेश दात कोरत परत आला. फरशी पाहून म्हणाला, "बेस. जमीन प्याली काय?" वायरी जोडून तो मीटरवर वाकला. आईचा गडवा भिंतीवर पालथा होता, त्याच्या बुडावर उन्हाचा ठिपका. या मीटरने आकडा उतरवला तर नरसाळे इथेच राहील, भिंत राहील, सगळे तसेच. इतका वेळ विनोद हेच मागत होता. आता बावीसच येऊ दे, नवा खड्डा होऊ दे, असे त्याला वाटत होते, आणि असे वाटताना गडव्याकडे बघवत नव्हते.

"काका, जरा इकडं या, सावली करा. उन्हात आकडा दिसत नाही."

एक पाऊल पुढे टाकले असते तर सावली मीटरवर पडली असती. विनोद ओल्या फरशीवर, अनवाणी, होता तिथेच उभा राहिला.