समुद्र मी चादरीवर पाहिला

मित्रांनो, कपाटाचे दार उघडलेच आहे, तर घटकाभर बसा. शिवणयंत्रामागे जाड फडक्याखाली जे राखाडी, जड यंत्र दिसते आहे ना, तो मी. स्लाइड प्रोजेक्टर म्हणत मला. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा इवलासा रंगीत तुकडा माझ्या पोटात सरकवायचा आणि दिवा लावायचा, की समोरच्या पांढऱ्या चादरीवर अख्खा समुद्र उभा राहायचा. असा समुद्र मी हजारदा दाखवला. डोळ्यांनी मात्र एकदाही पाहिला नाही. म्हणून माझी गोष्ट ही हेव्याची गोष्ट आहे. ती सांगायला मला लाज वाटते, पण लपवून ठेवण्यापेक्षा सांगितलेली बरी.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. बंद खोक्यात, बोटीने मी मोंतेविदेओ बंदरात आलो. तिथल्या दुकानाच्या काचेत माझ्या शेजारी एक कॅमेरा बसलेला असे. एके दिवशी दुरास्नो गावचे औषधवाले वाल्देमार आले आणि त्यांनी आम्हा दोघांना एकदमच विकत घेतले. एका खोक्यात, एकाच भुश्शात आम्ही दोघे भाऊ बसून आलो. मला वाटले, आता जन्माची सोबत झाली. पण घरी पोचताच वाल्देमारची बायको नेलिदा हिने कॅमेरा उचलून गळ्यात अडकवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे धूड इथं नको बाई. सासूबाईंच्या घरी ठेवा. तिथली भिंत मोठी आहे."

झाले! तो तिच्या गळ्यात आणि मी कपाटात.

सासूबाईंच्या, म्हणजे हासिंताबाईंच्या घरी त्या आणि त्यांची अविवाहित लेक एल्मिरा अशा दोघीच राहत. हासिंताबाईंचे गुडघे पार गेले होते. चाकाच्या खुर्चीतून हलता येत नसे, पण जीभ मात्र धडधाकट होती. एल्मिरा शाळेच्या मुलांचे पांढरे डगले शिवायची. पहाटे उठून मरियामातेपुढे मेणबत्ती लावायची, जपमाळ पुरी करायची आणि त्यानंतरच येर्बाच्या कडू पाल्याचा पहिला घोट घ्यायची. हा तिचा नेम कधी चुकला नाही. खरे सांगू? मला त्या मेणबत्तीचाही हेवा वाटे. तिला रोज पेटायला मिळायचे, मला वर्षातले मोजकेच दिवस.

या घराण्यात एक रीत होती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेवणे आटोपली, की हासिंताबाईंच्या घरी सगळे जमत. खिडक्यांच्या झडपा ओढून घेत, भिंतीवर इस्त्रीची चादर लावत आणि जानेवारीचे, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्याचे, पंधरा दिवस कुठे घालवायचे ते ठरवत. ज्याला जे ठिकाण हवे, त्याने तिथल्या स्लाइड दाखवायच्या आणि मग मते घ्यायची. घरे तीन, म्हणून मतेही तीन. एक वाल्देमारचे, एक धाकटा भाऊ ओमार याचे आणि एक आईच्या घराचे. स्लाइड फक्त नेलिदाकडे असत, कारण कॅमेरा तिच्याकडे होता. मग काय, सहा वर्षे ओळीने समुद्रकाठचे ला पालोमाच ठरत आले. वाळूत चाकाची खुर्ची चालत नाही, म्हणून आई घरी राहायची, आणि आईसाठी एल्मिरा. मत मागितले, की एल्मिरा म्हणायची, "समुद्रच बरा." तिला स्वतःला दाखवण्यासारखे काही नव्हतेच.

कॅमेरा परत यायचा तेव्हा त्याच्या बटणांत वाळू अडकलेली असायची. चामड्याच्या पट्ट्याला खारा वास यायचा. तो टेबलावर ऐटीत बसायचा आणि त्याने पाहिलेले सगळे मी माझा दिवा जाळून लोकांना दाखवायचा. "काय सुंदर फोटो काढतो हा कॅमेरा!" असे सगळे म्हणत. प्रोजेक्टर काय सुंदर दाखवतो, असे एकदाही कुणाच्या तोंडून निघाले नाही.

मग ते वर्ष आले. डॉक्टरांनी हासिंताबाईंचे गुडघे दाबून पाहिले आणि सांगितले, की उत्तरेला आरापेयचे गरम झरे आहेत, तिथे पंधरा दिवस बसलात तर दुखणे उतरेल. तिथे फरसबंदी आहे, खुर्ची थेट पाण्यापर्यंत जाते. एल्मिरा त्या दिवशी शिलाई टाकून बसच्या कचेरीत गेली आणि आरापेयची रंगीत माहितीपत्रिका घेऊन आली. तिच्यात वाफाळणारे निळे पाणी होते. तिने ते चित्र कात्रीने अगदी स्लाइडच्या मापाचे कापले, रिकाम्या चौकटीत बसवले आणि हळूच माझ्या पोटात सरकवले.

चादरीवर एक काळा चौकोन उमटला. कागदातून उजेड जात नाही, मित्रांनो. मी जीव तोडून जळलो, पण काळ्याचे निळे काही झाले नाही.

"हात मेल्या," ती मला म्हणाली आणि स्वतःशीच हसली. "तुझंही माझ्यासारखंच. दुसऱ्याचंच दाखवता येतं."

रविवार आला. झडपा ओढल्या. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि आत येर्बाचा काढा भरलेला पोकळ भोपळा एकेक घोटासाठी हातोहात फिरत होता. एल्मिराचे दोन्ही हात माझ्यापाशी गुंतलेले, त्यामुळे भोपळा तिला चुकवूनच पुढे जात होता. नेलिदाने चाळीस स्लाइड आणल्या होत्या.

"ही वाळू बघा, सोन्यासारखी!"

"वहिनी, त्यातलं पावशेर सोनं अजून माझ्या बुटात आहे," ओमार म्हणाला.

"मला कसलं सोनं दिसतंय!" हासिंताबाई करवादल्या. "मला नेलिदाचा अंबाडा दिसतोय. बाजूला हो ना गं."

लाटा झाल्या, होड्या झाल्या. शेवटची स्लाइड नेलिदाने मुद्दाम राखून ठेवली होती. दीपस्तंभापुढे ओळीने उभे राहिलेले सगळे जण. नेलिदाने चादरीकडे बोट केले. ती म्हणाली, "हा माझा सगळ्यात लाडका. सगळं घर एका फोटोत! एक माणूस म्हणून राहिलेलं नाही."

एल्मिराचा हात स्लाइड आतबाहेर करणाऱ्या माझ्या सरकपट्टीवर होता. तो तिथेच थांबला.

मित्रांनो, माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे. तो फिरतो म्हणून दिव्याची धग स्लाइडला लागत नाही. 'एक माणूस म्हणून राहिलेलं नाही' हे शब्द मी ऐकले, आणि माझा कितीतरी वर्षांचा हेवा एकदम वर आला. मी पंखा अडवून धरला. एल्मिराला त्याची घरघर बंद झाल्याचे कळले. तिला माझा आवाज पाठ होता. पट्टी ओढायला एक क्षण पुरला असता. तिने ओढली नाही.

दीपस्तंभाच्या मधोमध एक तपकिरी फोड आला. तो फुगला, फुटला आणि माणसांच्या चेहऱ्यांवरून पसरत गेला. शेवटी चादरीवर नुसता पांढरा उजेड राहिला.

"काढ! अगं काढ ना!" नेलिदा किंचाळली. पण तोवर काढण्यासारखे काही उरले नव्हते.

"यंत्र जुनं झालंय," वाल्देमार घाईने म्हणाले. "पंखा अडकला असेल."

"यंत्राला नावं ठेवू नका. हिचा हात तिथंच होता, मी पाहिलं!" नेलिदा उठून उभी राहिली. "माझे बाबा होते त्यात, एल्मिरा. त्या एकाच वर्षी आले होते ते, आता नाहीत. त्यांचा रंगीत असा तोच एक फोटो होता."

ओमारच्या ओठांवरचा विनोद तिथेच विरला. एल्मिराचा चेहरा त्या चादरीसारखा झाला. तिने ठरवले असते, तर माझ्यावर ढकलून ती सुटली असती. पण ती सावकाश म्हणाली, "ओढता आली असती, वहिनी. नाही ओढली. मला हेवा वाटतो तुझा. तुझ्या चपलेतल्या वाळूचासुद्धा वाटतो. रोज पहाटे मी मरियामातेला म्हणते, एवढं माझ्या मनातून काढून टाक. आणि दर डिसेंबरात तू आणखी चाळीस घेऊन येतेस."

"मग बोलली का नाहीस कधी?" वाल्देमारांनी विचारले.

"कुणी विचारलंत?"

मग खुर्चीतून हासिंताबाईंचा आवाज आला. "एल्मिरानं वाईट केलं. त्याची माफी तिनं मागायची, आणि मागेल ती. पण नेलिदा, सगळं घर म्हणालीस ना? मी तीन लेकरांना जन्म दिला. तुझ्या त्या फोटोत दोनच होती."

त्या दिवशी मते पडलीच नाहीत. नेलिदा आपली पेटी उचलून निघून गेली.

प्रायश्चित्त म्हणून एल्मिराने येर्बा सोडली. रोज संध्याकाळी ती नेलिदाच्या दाराशी जाऊन माफी मागायची आणि दार न उघडताच परत यायची. कपाटाच्या फटीतून मला तिचा वाळलेला चेहरा दिसे. गुन्हा दोघांचा होता. माफी मागायला मात्र ती एकटीच जात होती, कारण मला पाय नाहीत. मला फार लाज वाटली.

नवव्या दिवशी दुपारी नेलिदाच दारात उभी राहिली. तिच्या काखेत बुटांचे एक खोके होते.

"यात बिघडलेल्या स्लाइड आहेत," ती एल्मिराकडे न बघता म्हणाली. "हललेल्या, कापल्या गेलेल्या. तीनशे तरी असतील. बाबा एखाद्यात असतील का, ते बघायचंय. मला ते यंत्र लावता येत नाही."

एल्मिरा झडपा ओढायला उठली. एकेक स्लाइड मऊ फडक्याने पुसून ती माझ्या पोटात ठेवू लागली. धुरकट लाटा आल्या, कुणाचा नुसता अंगठा आला, एक शेपटी आली. मी पंख्याची घरघर क्षणभरही थांबू दिली नाही. दोनशेच्या पुढे कधीतरी चादरीच्या कडेला एक गवती टोपी आली आणि तिच्याखाली अर्धा चेहरा. हातात कलिंगडाची फोड.

"बाबा!" नेलिदा खुर्चीतून अर्धी उठली. मग हळूच म्हणाली, "अर्धेच आलेत."

"हसताहेत मात्र पूर्ण," एल्मिरा म्हणाली.

दोघी बराच वेळ रडल्या. मग आपापली नाके पुसून त्यांनी उरलेल्या स्लाइड बघायला घेतल्या. जवळजवळ शेवटी एक आली. मोटारीच्या मागच्या काचेतून घेतलेली, तिरकी. फाटकात उभी राहिलेली एक बाई, आणि हलल्यामुळे पुसट झालेला तिचा हात.

"ही तू ना?" नेलिदाने विचारले.

"निरोप देताना."

नेलिदा त्या फाटकाकडे बघत राहिली. "तीनशेत एकदा," ती म्हणाली. "आणि तीही मी बिघडलेल्यांत टाकली." मग तिने चुलीकडे जाऊन पाणी ठेवले, येर्बाचा भोपळा भरला आणि आधी एल्मिराच्या हातात दिला. "माझा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते. पण कुठं जायचं म्हणत होतीस? आरापेयच ना? तिथं कंटाळेपर्यंत तुझे फोटो काढीन."

"उकळत्या पाण्यात?" ओमार नंतर हे ऐकून म्हणाला. "चला बाबा, बटाटे म्हणून जाऊ."

जानेवारीत दोन गाड्या निघाल्या. आईची खुर्ची ओमारच्या गाडीच्या मागे दोरीने बांधली. मी फटीतून बघत होतो. एल्मिराने मरियामातेची तसबीर पदराआड घ्यावी तशी अलगद पिशवीत घातली, कॅमेरा नेलिदाच्या गळ्यात लटकला आणि दाराला कुलूप लागले.

मित्रांनो, मग घर गप्प झाले. आधीच्या सहा जानेवारींत असे कधी झाले नव्हते. नेलिदा स्लाइडची पेटी मागे ठेवून जायची आणि एल्मिरा रोज दुपारी मला बाहेर काढायची. दोघी मायलेकी मिठाच्या कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायच्या. "आज कुठं नेतेस?" आई विचारायची, आणि मी दोघींना समुद्रावर न्यायचा. ती माझी सुट्टी होती. पण माझे सगळे लक्ष कॅमेऱ्याच्या चामड्याच्या पट्ट्यात अडकलेले, त्यामुळे मला ते कळलेच नाही. या खेपेच्या पंधरा दिवसांत मी अंधारात बसून ते एकेक आठवले. माझ्या हेव्याने एल्मिराला वाट मोकळी करून दिली, आणि माझी सोबत नेली.

मार्चमध्ये मोंतेविदेओहून स्लाइड धुऊन आल्या आणि सगळे पुन्हा चादरीपुढे जमले. पहिलीच एल्मिराने माझ्या पोटात ठेवली. वाफेत गळ्यापर्यंत बुडालेल्या दोघी. डोक्यावर रबरी टोप्या. आई कॅमेऱ्यावर बहुतेक डाफरत होती. एल्मिरा तोंड उघडून हसत होती, आणि तिला असे हसताना मी कधी पाहिले नव्हते.

हेवा गेला असे मी सांगणार नाही. त्या पाण्याचा मला इतका हेवा वाटला, की माझ्या दिव्यातली तार रसरसली.

"राहू दे गं जरा," हासिंताबाई म्हणाल्या. "पुढची नको इतक्यात. मला मी नीट दिसले नाहीये अजून."

एल्मिराने सरकपट्टीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आता सगळे माझ्यावर होते. स्लाइड तशीच राहिली. ओमार हसला, नेलिदाने आपला अंबाडा बाजूला घेतला, भोपळा एक फेरी फिरला, दुसरी फिरली. मी पंखा छाती फुटेस्तोवर फिरवला. हेवा पोटात होता आणि स्लाइडही पोटातच होती. पण तिला मी एक चटकासुद्धा लागू दिला नाही.

मित्रांनो, आता मला कुणी लावत नाही. माझ्यासारखे जुने यंत्र घरात असेल, तर वर्षातून एकदा त्याची धूळ पुसा, पंखा बोटाने फिरवून बघा. आणि सुट्टीत कुठे जायचे म्हणून चित्रे बघत बसाल, तेव्हा घरात मागे कोण राहणार आहे, ते त्या माणसाला जवळ जाऊन विचारा. आधी माणसे मोजा, मग ठिकाण शोधा.

आणि जमलेच, तर जाताना हे दार थोडे किलकिले ठेवा. तेवढे मला पुरे, असे म्हणायला मी अजून शिकतो आहे.