पुसून काढलेलं पाडस

सत्यशीलाबाई धार काढत होत्या आणि गव्हाणीवर ठेवलेला मोबाईल ठणाणा करत होता. दिशाचा व्हिडिओ कॉल, तोही सकाळी सात वाजता! तैवानात साडेनऊ, म्हणजे पोरगी कामावर. काहीतरी बिनसलंय हे आईला फोन उचलायच्या आधीच कळलं.

दिशा तिकडच्या एका प्राणिसंग्रहालयात जनावरांची डॉक्टर होती. तिच्या ताब्यात एक डोंगरी जनावर होतं, धड शेळी नाही, धड हरीण नाही. त्याचं नाव इकडे सोनई गावात कुणाच्याच जिभेवर बसलं नव्हतं. पण त्या एका देशाखेरीज कुठल्याच प्राणिसंग्रहालयात ते बघायला मिळत नाही, हे तिच्या वडिलांनी, कानिफनाथरावांनी, डेअरीच्या रांगेत इतक्यांदा सांगितलं होतं की लोक त्यांना बघून कॅन घेऊन मागे सरकायचे.

"आई, पहाटं व्याली ती. पहिलटकरीण हाय. पिल्लू जवळ नेलं की ढुशी मारती. पिल्लू बाटली पन तोंडात घेईना."

"चाटलं का तिनं त्याला?"

"चाटू कुठं दिलं? श्वास घेईना म्हनून मी टॉवेलनं खसाखसा पुसलं. मग आत नेऊन दिव्याखाली ठेवलं, दोन तास."

वीस वर्षांपूर्वीची वसुबारस सत्यशीलाबाईंच्यापुढे उभी राहिली. कपिला गाईला सकाळीच वासरू झालेलं, आणि आठ वर्षांच्या दिशानं पूजेला छान दिसावं म्हणून त्याला शाम्पूनं आंघोळ घातली. कपिलेनं त्याला ओळखलंच नाही. आईचा वास यावा म्हणून वासराला वारेचा, व्याल्यावर पडणाऱ्या झिल्लीचा, तुकडा तरी चोळावा, तर कानिफनाथरावांनी वार पुरलेली आणि कुत्र्यांनी उकरून नेलेली. तिसऱ्या दिवशी वासरू गेलं. पोरीला मात्र सांगितलं, संगमनेरच्या मावशीकडं दिलंय. तेव्हापासून तो विषय निघाला की बाई चुलीकडे वळायच्या.

"वार पडली का?" त्यांनी विचारलं.

"पडली."

"पुरली का काय तुमी?"

"न्हाई गं. तपासनीला फ्रीजात ठेवलीय."

"फ्रीजात!" सत्यशीलाबाईंना हसावं का रडावं कळेना. आपल्या फ्रीजात कोथिंबीर आणि विरजण, आणि तिकडे हे! त्या घाणेरड्या शहाणपणाला त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. "काढ भायेर. पिशवीसकट कोमट पान्यात धर. मग पिल्लाच्या पाठीला चोळ, शेपटीखाली चोळ. वरनं मीठ भुरभुर, म्हंजी चाटंल ती. आन सगळी मानसं लांब सरका, तुझ्या सायबासकट."

"साहेब काय म्हनतील?"

"इचार त्यास्नी. पन वेळ घालवू नगं."

फोन बंद झाला. मग बाईंचं कशात लक्ष लागेना. राहिलेली धार काढायला बसल्या तर गाईनं लाथ मारून चरवी लवंडली. रोज शिव्या खाणाऱ्या गाईला आज नुसतं "असू दे बाई" ऐकायला मिळालं. चहा दोनदा उतू गेला. कानिफनाथराव डेअरीवरून आले, त्यांना सगळं सांगितलं, तेही फोनकडे बघत ओट्यावर बसले.

नऊ वाजता फोन आला. पडद्यावर ती आई जीभ फिरवत पाडसाला चाटत होती, पाठ, कान, पुन्हा पाठ. पाडस खाली घुसून ढुशा देत होतं आणि त्याची इवलीशी शेपटी थांबत नव्हती.

"पान्हा सोडला गं तिनं!" सत्यशीलाबाई ओरडल्या. कानिफनाथराव टोपीनं डोळे पुसत बाहेर निघून गेले.

दिशा हसत होती. मग हळूच म्हणाली, "आई, संगमनेरच्या मावशीकडं गोठा कधीच नव्हता."

सत्यशीलाबाईंनी पदर तोंडावर धरला. "तुला ठाऊक हुतं?"

"दहावीत असताना कळलं. तू सांगशील म्हनून वाट बघत हुते."

"भ्याले हुते गं. परत कंच्या जनावराला हात लावनार न्हाईस, आसं वाटलं." वीस वर्षं गिळलेलं वाक्य मग आपोआप बाहेर आलं. "मेलं गं ते. तिसऱ्या दिशी."

"ठाऊक हाय," दिशा म्हणाली आणि फोन पाडसाकडे वळवला. "हे न्हाई मरत आता."