छताला पुरणारा दांडा

मी रंगाऱ्याच्या रोलरचा दांडा बोलतोय. त्या रंगाऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांची लेक खांदे-गुडघे बरे करण्याचं शिक्षण घेऊन दूरदेशाहून परतली. तिला वाटलं होतं, आजूबाजूचे दुखरे लोक व्यायामासाठी दारात रांग लावतील. दार उघडलं तर आई बाबांना शर्टाची बाही चढवून देत होती. बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता.

माझा जन्म सुताराच्या रंध्याखाली झाला, पण आयुष्य गेलं छताखाली. छताचा मोठा भाग मी आणि रोलर रंगवायचो. कोपरे मात्र बाबा ब्रशनेच काढायचे, स्टुलावर चढून, हात डोक्यावर धरून. किती घरं उजळली, आणि त्यातच खांदा गेला.

लेकीने मला रोलरपासून सोडवलं. "बाबा, जमिनीवर पाठ टेका, गुडघे मोडा. दांडा दोन्ही हातांनी धरा आणि हळूहळू डोक्याकडे न्या. कळ आली की थांबायचं."

"कळ आली म्हणून थांबलो असतो, तर तुझं शिक्षण झालं असतं होय?"

काही दिवसांत हात थोडा मोकळा झाला. मग तिने बाबांना उभं केलं आणि मी जिथवर पोचेन तिथे भिंतीवर पेन्सिलची रेघ मारू लागली. तिथेच घात झाला. बाबांचा जन्म उंची गाठण्यात गेलेला. रेघ दिसली की ते गाठणारच. छताखाली वाकवायचे तशी ते कमर मागे वाकवू लागले. उजवा हात जागीच थांबे, डावा मला ढकले. कळ आली की उजवी मूठ मला करकचून आवळे, ते मला कळत होतं, पण दांड्याला तोंड कुठे असतं!

आई म्हणाली, "अगं, हात वर जातोय की पोट पुढे येतंय?"

"आई, रेघ बघ ना!" लेक हरखून गेली होती.

"झालं, लागली हिची नजर," बाबा हसले.

रेघ दाराच्या चौकटीच्या वर गेली, आणि लेकीने त्यांना कामावर जाऊ दिलं.

पहिल्याच दिवशी कोपरा रंगवताना हात अडला. त्यांनी कमर मागे वाकवली, स्टूल कलंडलं, आणि ते त्याच खांद्यावर पडले. डॉक्टर म्हणाले, "आतला स्नायू फाटलाय. हात आता डोक्यावर जाणार नाही. खांद्यापर्यंत आला तरी खूप."

संध्याकाळी कोणी जेवलं नाही.

"बाबा, व्यायाम करताना कळ येत होती?"

"येत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी खूश होतीस, पोरी."

माणसांनो, व्यायाम जरूर करा आणि करवून घ्या. पण दांडा किती वर गेला ते बघत बसू नका. तो धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. एवढंच माझं मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हात गळ्यातल्या झोळीत असतानाच, बाबा लेकीला म्हणाले, "खांदा भरून आला की रोलर लाव या दांड्याला."

लेक करवत घेऊन आली. "नाही बाबा. मी हा मधोमध कापतेय. तुम्ही आता छत रंगवायचं नाही. हात खांद्याइतका यावा, एवढ्यासाठीच व्यायाम करायचा, तोही झोपून."

"आणि दिवसभर मी करू काय?"

"माहीत नाही," ती म्हणाली. तिने करवत माझ्यावर टेकवली.

मी फरशीवर गडगडू लागलो. बाबा उठले, आणि मी हलू नये म्हणून त्यांनी माझ्यावर पाय ठेवला.