सुळके नसलेला आलेख

उझबेकिस्तानातल्या चिर्चिक गावी, आमच्या प्रयोगशाळेत मी क्ष-किरणांचं यंत्र चालवतो. पलीकडच्या खोलीत गुलचेहरा आपा आणि तिच्या हाताखालची महलियो तांब्याच्या पट्ट्यांवर निकेल-टंगस्टनचा मुलामा चढवतात. अमोनिया घालून आम्लता जुळवलेल्या हिरव्या द्रावणात पट्टी बुडवून वीज सोडली की धातू कणाकणाने तिच्यावर बसतो. ते अणू रांगा लावून बसलेत की कसेही, एवढंच मी सांगायचं. रांगा असल्या की आलेखावर सुळके उभे राहतात. आपाला दोन वर्षं सुळके नको होते. तिला हवा होता काचेसारखा, आत कसलीच शिस्त नसलेला धातू.

मार्चमधल्या एका मंगळवारी महलियोने केलेल्या पट्टीच्या आलेखात सुळका नव्हताच. नुसती पसरट टेकडी.

"यंत्र बिघडलं असेल," आपा म्हणाली.

"बिघडत नाही ते. तुमच्या पट्ट्यांचा कंटाळा येतो त्याला, एवढंच."

आपाने पट्टी खिडकीपाशी नेली. मुलामा नेहमीपेक्षा निम्माच जाड होता, पण तिचा चेहरा त्यात लख्ख दिसत होता. तिने लगेच स्वतः दुसरी पट्टी केली. तीच वीज, तेच पासष्ट अंश, आम्लता मोजायच्या मीटरवर तोच आकडा. सुळके आले. विजेचा पुरवठा बदलून पाहिला, भांडी घासून पाहिली. सुळकेच. गुरुवारी महलियोने केली, तर पुन्हा टेकडी!

"रिनात, हिच्या हातात काय आहे रे?"

"तुमच्यात नाही ते. सबुरी."

महलियो हसली नाही. तिने मान खाली घातली.

शुक्रवारी चहाला आपाने मटण भरलेले गरम सोमसे आणले होते. महलियोने आपला सोमसा माझ्याकडे सरकवला आणि खिशातून कुर्त काढून चघळू लागली. त्या वाळवलेल्या दह्याच्या आंबट-खारट गोळ्या तिने एकापाठोपाठ पाच संपवल्या. आपा बघत होती.

"कितवा महिना?"

मी चहाच्या किटलीत डोकं घातलं.

"तिसरा," महलियो पुटपुटली. "कुणाला सांगू नका, आपा. सासूबाई म्हणतात, चौथा लागेपर्यंत बोलायचं नाही, दृष्ट लागते."

आपाने तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि मध्येच थबकली.

"थांब. अमोनियाचा वास सहन होतो तुला?"

महलियोचे डोळे भरून आले. "नाही होत. बाटली उघडली की पोटात ढवळतं. मंगळवारी आणि काल घातलाच नाही. मीटरवर आकडा यावा म्हणून कॉस्टिक सोडा घातला, आणि वहीत 'नेहमीप्रमाणे' लिहिलं. चुकलं माझं."

"वहीत खोटं लिहिलंस, त्याबद्दल कान पिळेन तुझा. आणि त्या टाकीपाशी उभी राहिलीस, त्याबद्दल दुसरा," आपा म्हणाली. पण तोवर तिने चहा अर्धा टाकून हातमोजे चढवले होते.

अमोनियाशिवाय तिने पट्टी केली. यंत्रावर आलेख सरकत असताना आम्ही तिघं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. सुळक्याची जागा आली, गेली. टेकडी! पुढच्या आठवड्यात तपासणीचे आकडे आले: टंगस्टनचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. एवढे मोठे अणू मध्ये घुसल्यावर निकेलला रांग धरता येईना.

आपाने महलियोला द्रावणांपासून दूर, सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बसवलं. वहीतली नोंद मात्र तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतली, खाली तिची सही घेतली. सही करता करता महलियो थांबली.

"पण आपा, अमोनिया असताना टंगस्टन कमी का बसतो?"

"तो निकेलला घाई करायला लावत असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल म्हणजे मला माहीत नाही, बाई!" आपा असं काही हसली, की जणू कुणी तिला बक्षीसच दिलं होतं. "अर्धा अमोनिया घालून बघू. तू बाहेर हो, काचेतून बघ."

महलियो बाहेर गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.