चूलबंद बोलावणं

केळझरच्या पलीकडच्या त्या गावात लग्नाच्या जेवणाचं बोलावणं दोन तऱ्हेचं असतं. एक माणशी, म्हणजे घरटी एकानं यायचं, जेवायचं आणि जायचं. दुसरं चूलबंद. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळं घर आमच्या मांडवात जेवेल. मुकेशनं पोरीच्या, सुरभीच्या लग्नाची पत्रिका महादेवरावांच्या हातात ठेवली आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, "काकाजी, चूलबंद आहे बरं. मागं कोणी राह्यलं नाई पाह्यजे."

महादेवरावांनी वळून घरात पाहिलं. मागं राहायला होतं कोण? बायको नलूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि लेक आकांक्षा तिकडे दूर पुण्याला. तरी ते म्हणाले, "येतो ना बाबू. सगळे येतो."

खरं म्हणजे ते दुसऱ्याच वाक्याची वाट पाहत होते. 'काकाजी, पंगत तुमच्याकडे' हे ते वाक्य. मुकेशच्या स्वतःच्या लग्नात त्याच्या बापानं याच ओसरीवर बसून ते म्हटलं होतं. मुकेश मात्र चहा संपवून उठला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाला, "या खेपेले तुमाले काही तरास नाई. वर्ध्याच्या केटरिंगवाल्याले सारंच देऊन टाकलं. तुम्ही फक्त येजा, आरामात जेवजा."

पोराच्या मनात काही वाकडं नव्हतं, उलट म्हाताऱ्याची दगदग वाचवली या समाधानात तो गेला. पण दगदग वाचवण्याच्या नावाखाली माणसाला घरी बसवून ठेवायची ही जी नवी सभ्यता निघाली आहे ना, तिला काय म्हणावं! महादेवरावांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

गावातली कुठलीही पंगत त्यांच्याशिवाय बसत नसे. खांद्यावर दुपट्टा टाकून ते मांडवात उभे राहिले की वाढपी आपोआप सरळ चालायचे. कोणत्या दोन चुलतभावांना एका ओळीत बसवायचं नाही, नवरदेवाच्या कोणत्या मामाला बुंदी आधी दाखवायची, पिऊन आलेल्यांना बायकांच्या पंगतीपासून दूर, भट्टीच्या बाजूला बसवून गोड बोलत मठ्ठ्यावर मठ्ठा कसा पाजायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. एकमेकांवर पुऱ्या फेकणाऱ्या पोरांना ते रागावत नसत. त्यांच्या हातात वरणाची बादली देत. स्वतः मात्र शेवटी, आचाऱ्यांबरोबर बसत. मधे कोणी विचारलं, की "झालं झालं, माझं झालं," म्हणून पुढं सरकत.

आणि हाक द्यायचं काम त्यांचं. पत्रिका आली म्हणजे बोलावणं झालं, असं तिथं कोणी समजत नाही, निदान समजत नसे. अक्षता टाकून गावकरी आपापल्या घरी जात. अन्न तयार झालं की लग्नघरचा माणूस दारोदार फिरे, 'चला हो, जेवाले चला' म्हणून. पहिल्या हाकेला कोणी बाहेर येत नसे. भुकेनं जीव कासावीस झाला असला तरी घरातूनच 'हो, येतो' म्हणायचं. थोडं थांबून हाक देणाऱ्यानं दुसरी हाक द्यायची, मग चपला घालायच्या. ज्याच्या दारी हाक गेली नाही तो त्या लग्नात जेवत नसे, आणि पुढं कित्येक वर्षं ते बोलूनही दाखवत असे.

असा रुसलेला माणूस सापडायचा कसा? धुरावरून. गावाच्या चुली बंद, आणि एखाद्याच कौलातून धूर निघतोय म्हणजे तिथं काहीतरी बिनसलं. पुढं गॅस आले, धूर गेला, पण कुकरची शिट्टी आली. ती ऐकायचे कान नलूबाईंचे. मुकेशच्या लग्नात तिसरी पंगत उठत होती तेव्हा त्या बायकांच्या घोळक्यातून येऊन हळूच म्हणाल्या होत्या, "आइकलं का, हरिदासच्या घरून शिट्टी आली." महादेवराव तसेच उन्हात निघाले. हरिदासच्या दाराशी टोपी काढून उभे राहिले आणि त्याला हाताला धरून घेऊन आले. आता, रुसलेल्यांतले निम्मेअधिक लोक कुकर लावत ते ऐकू जावा म्हणूनच, हे महादेवरावांना पक्कं माहीत होतं. पण तसं त्यांनी कधी कोणाला दाखवलं नाही.

लग्नाच्या दिवशी शाळेच्या मैदानातल्या मांडवात ते वेळेवर गेले. अक्षता टाकल्या. सुरभीच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा पोरगी वाकून म्हणाली, "आबाजी, जेवल्याशिवाय जाऊ नका." पण नवरीच्या म्हणण्याला कोणी हाक म्हणत नाही. ते घरी आले आणि धुतलेला सदरा तसाच अंगावर ठेवून ओसरीवर बसले.

वैशाखातली दुपार. गल्लीतल्या एकूण एक दाराला कडी. ऊन असं, की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. लोक मांडवातून परतले नव्हते, कारण अक्षता टाकल्या की तिथंच प्लेट उचलायची अशी आता रीत पडली आहे, आणि ते महादेवरावांनाही का माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी ते बसून राहिले. मैदानावरून माइकचा आवाज आला, "ज्यांचं जेवण व्हायचं असेल त्यांनी लवकर घेऊन घ्यावं." हे कोणाला म्हटलं? त्यात कोणाचं नाव नव्हतं, दुसरी हाकही नव्हती. मुकेश एखाद्याला पाठवेल. काकाजी दिसले नाहीत, असं कोणाच्या तरी लक्षात येईलच. नलू असती तर एव्हाना तिनं मांडवात दहा जणांना विचारलं असतं.

कोणी आलं नाही.

मग महादेवराव उठले आणि त्यांनी जे केलं त्याची त्यांना करतानाच लाज वाटत होती. मूठभर तांदूळ, मूठभर तुरीची डाळ धुतली, कुकर लावला आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. साऱ्या आयुष्यात ज्यांची समजूत काढली त्यांच्यात आज आपण जाऊन बसलो, असं त्यांच्या मनात आलं. पहिली शिट्टी झाली. रिकाम्या गल्लीत ती चांगली लांबपर्यंत गेली असणार. दुसरी झाली. ते ओसरीवर येऊन गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिसऱ्या शिट्टीला त्यांचे डोळे भरून आले. आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला.

तोंडावर पाणी मारायला म्हणून मागचं दार उघडलं, तर नाल्यापलीकडे, बाभळीच्या वर, निळसर धूर दिसला.

तिथं आदिवासींची चार-दोन घरं. धूर रामबाईच्या घरातला. तिचा मुलगा प्रेम बुटीबोरीच्या कंपनीत लागल्यापासून ती एकटीच राहत होती. मुकेशच्या वावरात निंदण-खुरपणीला ती वर्षानुवर्षं जायची. तिलाही चूलबंदच असणार. महादेवरावांचं रडू जागच्या जागी थांबलं. लग्नाच्या दिवशी गावात धूर! त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि निघाले. आपल्याला हे काम कोणी दिलेलं नाही, हे त्यांना नाला ओलांडल्यावर आठवलं.

पूर्वी ते या घरांना नाल्याच्या अलीकडूनच हाक देत, तीही सगळ्यांच्या शेवटी. आज पहिल्यांदाच दारापर्यंत गेले.

"रामबाई, चला हो, जेवाले चला!"

आतून आवाज आला, "हो, येतो." पण बाई काही आली नाही. महादेवरावांना बरं वाटलं. रीत जाणणारं अजून कोणीतरी होतं. थोडं थांबून त्यांनी दुसरी हाक दिली, तशी ती पदर सारखा करत दारात आली.

"महादेवभाऊ, तुम्ही? मुकेशभाऊनं धाडलं का?"

"त्यानंच. म्हणे रामबाईले आणल्याबिगर पंगत उठत नाई."

असं खोटं ते मांडवासाठी शेकडो वेळा बोलले होते. आजचं बोलताना त्यांनी नजर बाभळीकडे वळवली. रामबाई केवढी खुलली! तिनं जळत्या काड्या ओढून त्यांच्यावर पाणी शिंपडलं, ट्रंकेतलं लुगडं नेसली आणि त्यांच्या मागून चालू लागली.

मांडवात गर्दी ओसरत आली होती. पोरंसोरं भरलेल्या प्लेटा तशाच टाकून आइस्क्रीमकडे धावत होती आणि महादेवरावांना ते बघवेना. तेवढ्यात फोटोच्या घाईत जाणारा मुकेश समोर आला.

"अरे, काकाजी! जेवले ना?"

आयुष्यभराची सवय तोंडातून बाहेर पडली. "झालं झालं, माझं झालं."

"मंग बरं," मुकेश म्हणाला आणि स्टेजकडे गेलासुद्धा. शब्द परत घेता आले असते तर महादेवरावांनी घेतले असते. दुपारभर ज्या प्रश्नासाठी बसून होते तो आला आणि त्यांनीच त्याला वाटेला लावलं. पण आता मागं फिरून 'नाई रे, जेवलो नाई' कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्यांनी रामबाईला पंख्याखाली खुर्ची दिली. प्लेट घेऊन काउंटरकडे गेले. हातमोजे घातलेला पोरगा म्हणाला, "आजोबा, लाइनीनं या." ते लाइनीत उभे राहिले. आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, वरण-भात, बाजूला बुंदी, सगळं नीट वाढून आणलं. मग पुन्हा गेले, मठ्ठा आणला. तिनं हात आडवा केला तरी एक पुरी वाढलीच. "घ्या, घ्या. लाजून कोण जेवते?" एवढ्या मोठ्या मांडवात आग्रह करणारे ते एकटे, आणि आग्रह होत असलेली ती एकटी. येणारे-जाणारे बघून हसत होते.

"अन् तुम्ही?" रामबाईनं विचारलं.

"मी शेवटी बसतो."

"शेवट तं हाच झाला. भांडे उचलून राह्यले ते."

महादेवरावांनी पाहिलं. भट्टी विझली होती. आचारी आपसांत जेवून हात धूत होते आणि त्यांच्यातला एकही यांना ओळखत नव्हता. रामबाई काही वेळ खाली बघून बुंदीचे दाणे गोळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "मघाशी तुमच्या घरून शिट्टी आलती. म्या आइकली."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"म्हटलं, महादेवभाऊ रुसले आज. कोणी तरी जाईन बलावाले. लय वाट पाह्यली. मंग वाटलं, आपणच जावं." ती थांबली. "पण माह्या बलावण्यानं आले असते का तुम्ही?"

सगळ्या गावाची तोंडं गोड करणारा माणूस तिच्यापुढचा रिकामा ग्लास उचलून पुन्हा मठ्ठा आणायला निघाला. रामबाईनं प्लेट ठेवली, हात धुतले. "जाऊ द्या," ती म्हणाली. "जेवण चांगलं झालं." नाल्यापर्यंत दोघं बरोबर आले आणि तिथून ती तिच्या वाटेनं गेली.

गल्लीत कड्या उघडत होत्या. लोक ढेकरा देत घरात शिरत होते, कोणी त्यांना हात केला, कोणी म्हणालं, "मस्त होता कार्यक्रम, नाई का काका?" महादेवराव आपल्या दाराशी आले. रामबाईनं नाल्यापलीकडून हाक दिली असती तर आपण गेलो असतो का, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. नसतो गेलो. रात्री आपल्याला कोणी विचारलं असतं तर आपण म्हटलं असतं, ऐकू आली नाही. तीच एक हाक आज आपल्यासाठी होती, आणि तिला नाला ओलांडता आला नाही. हे कळून त्यांना जेवढं एकटं वाटलं तेवढं सकाळपासून वाटलं नव्हतं.

आत कुकर गार झाला होता. भूक लागली होती. पण पाय उंबरा ओलांडेना. न बोलावता ते कधी कोणाकडे जेवले नव्हते.

गल्लीतली शेवटची कडी लागेपर्यंत ते थांबले. मग खाकरले, टोपी काढून हातात घेतली आणि आपल्याच दारात उभं राहून हाक दिली, "महादेवराव, चला हो, जेवाले चला."

घरातून 'हो, येतो' आलं नाही. त्यांनी रीतीप्रमाणे थोडी वाट पाहिली, दुसरी हाक दिली, आणि चपला काढून आत गेले.